दामूचा पाय घसरला नव्हता

दामू,

तुझा पाय घसरला नव्हता. तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले आणि आज मी हे स्वच्छ अक्षरात लिहितोय. दोन वर्षांपूर्वी ह्याच हातानं दवाखान्याच्या वहीत लिहिलं होतं, ‘नारळ पाडताना पाय घसरून माडावरून पडला. डावा हात मोडला. बरगड्यांना मार.’ हात मोडला होता हे खरं. बरगड्यांचंही खरं. पहिलं वाक्य मात्र माझ्या पदरचं. त्या वाक्यावरून आपलं जे भांडण जुंपलं ते तू अर्ध्यावर टाकून गेलास. पत्ते खेळतानाही डाव हरायला लागलास की पानं टाकून उठायचास. पण ह्या भांडणात तर तू जिंकत होतास, मग का उठलास?

तेराव्याला गाव जेवून गेलं. फार गोड बोलले सगळे. दामू म्हणजे देवमाणूस, दामूनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही, दामूसारखा माडावर चढणारा रेवदंड्यापासून मुरूडपर्यंत दुसरा नव्हता. ज्या वाडीवाल्यांनी गेली दोन वर्षं तुला फाटकाच्या आत घेतलं नाही, तेच पत्रावळीवर भात कालवत हे म्हणत होते. मी वाढायला होतो. हातातलं वरण एकेकाच्या डोक्यावर ओतावं असं वाटत होतं. ओतलं नाही, कारण मी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर, चार लोकांत वावरणारा माणूस. आणि दुसरं कारण असं की त्यांनी तुला फाटकाबाहेर ठेवलं ते माझ्याच वाक्याच्या जोरावर.

म्हणून आता सुरुवातीपासून भांडतो. ह्या खेपेला तुला मध्येच उठता येणार नाही.

आपण चौथीत होतो तेव्हा तू मला तुमच्या घरामागच्या माडावर चढवलंस. तुमचं घर भंडाऱ्यांचं. बाप माडावर चढून माडी काढायचा, आजा काढायचा, तुमच्यातली पोरं चालायला लागायच्या आधी चढायला शिकतात असं गाव म्हणायचं. आमच्याकडे उंच चढणं म्हणजे ओट्यावर. मी अर्ध्यापर्यंत गेलो, खाली बघितलं आणि हातपाय गोठले. वर जाववेना, खाली उतरवेना. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, नाहीतर माझ्या आईला बोलावून आणलं असतं. तू माडाच्या बुंध्याशी मांडी घालून बसलास आणि माझ्याशी गप्पा मारायला लागलास. मास्तरांच्या टोपीला भोक पडलंय, तुमची म्हैस व्यायलीय, असलं काहीतरी. मध्येच विचारायचास, ‘यशा, भ्या वाटतं का रं?’ मी म्हणायचो, वाटतं. ‘वाटू दे. डावा पाय खालच्या खाचंत घाल.’ असं करत करत ऊन उतरेपर्यंत तू मला खाली आणलंस. भीती वाटते का असं विचारलं तर ह्याची भीती वाढेल, हे तुला त्या वयात कुणी शिकवलं नव्हतं. मला ते शहाणपण पुढं नोकरीत मिळालं.

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी शाळेपुढच्या सगळ्यात उंच माडावर झेंडा बांधायला मास्तरांनी तुलाच चढवलं. तू वरून हात हलवलास आणि आख्खी शाळा ओरडली. पुढं दोन-तीन वर्षांतच आपल्याच सरकारची दारूबंदी आली आणि माडांवर बांधलेली माडीची मडकी उतरवा असा हुकूम निघाला. शिपाई आला होता, पण त्याला चढता कुठं येत होतं? तुझीच मडकी तुलाच उतरवायला लावली. तू ही गोष्ट हसून सांगायचास, त्या शिपायाची मान वर करून करून कशी अवघडली त्याची नक्कल करायचास. आम्हीही हसायचो. तुझ्या हातातलं कामच गेलंय हे हसता हसता कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि गंमत अशी की पिढ्यान् पिढ्या माडी काढणाऱ्या घरातला तू, स्वतः कधी थेंब तोंडाला लावला नाहीस. आंबूस वास सोसत नाही म्हणायचास.

मग मुंबई. गिरणीत चिकटवून देतो म्हणून कुणी सांगितलं होतं. रेवसच्या धक्क्यावर मीच तुला लाँचमध्ये बसवून दिलं, वहिनींनी दिलेली भाकरीची चवड तुझ्या मांडीवर ठेवली. नवव्या दिवशी तू पाखाडीच्या पायऱ्यांवरून खाली उतरत होतास. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालास, ‘वर बघितलं का नुसता पत्रा. पाखरू न्हाय, वारा न्हाय.’ मी तुला तोंडावर आळशी म्हटलं. सरकारी पगार खाणारा माणूस असं चटकन बोलू शकतो. तो शब्द मी मागं घेतो. आता घेऊन काही उपयोग नाही, तरी घेतो.

त्यानंतर तू दुसऱ्यांच्या वाड्यांत नारळ पाडायला जायला लागलास. वहिनी घरी झावळ्यांची झापं विणायच्या. बरं चाललं होतं, निदान समोरच्या घरातून मला तसं दिसायचं. तुझ्या मनात काय चाललं होतं ते मला आजही ठाऊक नाही, आणि जे आता छातीठोकपणे सांगतात की दारूबंदीनं दामूला मारलं, त्यांनाही ठाऊक नाही. दारूबंदी तर सगळ्याच भंडाऱ्यांना झाली. माणूस एवढा सोपा असता तर मलाही कळला असता.

त्या दुपारी चौघांनी तुला दवाखान्यात आणलं. जुने डॉक्टर मीटिंगला अलिबागला गेले होते. मी तुझ्या हाताला फळी बांधत होतो. तू शुद्धीवर होतास. दुसऱ्या हातानं तू माझा सदरा धरलास, जवळ ओढलंस आणि म्हणालास, ‘यशा, पाय न्हाय घसरला. मीच हात सोडलं.’

मी काय केलं ते तुला माहीत आहे. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. बोलायची पद्धत म्हणून सांगत नाही, खरोखरच तळहात दाबून धरला आणि कुजबुजलो, ‘गप. बाहेर पाटील बसलाय.’

जीव द्यायला गेलेला माणूस वाचला तर कायद्यानं तो गुन्हेगार, हे आम्हा दवाखान्यातल्या लोकांना पाठ असतं. म्हणून आमच्याकडे एक जुनी रीत आहे. कुणाचा पाय विहिरीवर घसरतो, कुणाचा धक्क्यावर. भर वैशाखात कोरड्या ठणठणीत दगडावर पाय घसरतात आमच्या वहीत. डॉक्टरांना कळतं, पोलीस पाटलाला कळतं, घरच्यांना तर कळतंच. सगळे माना डोलावतात, आणि कुणाचं तरी घर कोर्टकचेरीतून वाचवल्याचं पुण्य घेऊन घरी जातात. मीही त्या दिवशी पुण्य घेऊनच घरी आलो. जेवलोही पोटभर. एकदा पाय घसरला असं लिहिलं की पुढं विचारायचं काही उरत नाही, ही त्या रितीची सगळ्यात मोठी सोय. हाडाला फळी बांधायची, घरी पाठवायचं. हात का सोडले, परत सोडावेसे वाटतात का, हे घसरलेल्या माणसाला कोण विचारणार?

तुझा हात मोकळा झाला तसा तू भांडायला आलास. दारातूनच ओरडलास, ‘काय लिवलंस रं माझं?’

मी हळू आवाजात सांगितलं.

‘भंडाऱ्याचा पाय घसरला?’ तुझा आवाज चढला. ‘माज्या आज्याचा घसरला न्हाय, बापाचा घसरला न्हाय. मला येडा म्हन, भेकड म्हन, काय म्हनायचं त्ये म्हन. पन घसरला म्हनू नको.’

‘अरे बाबा, तुरुंगात गेला असतास. वाचवलं तुला.’

‘तुला कुनी सांगितलं व्हतं?’

मला राग आला. ह्याला केल्या उपकाराची जाण नाही, असं मी घरी येऊन बायकोला म्हटलं. आठ दिवस तुझ्याशी अबोला धरला. मेलेल्यातून वाचलेला माणूस समोर उभा राहून भांडतोय, आणि मी रुसून बसलो होतो. चाळिशीच्या घरातला बाप्या, रुसून!

भांडणात तुझा मुद्दा किती खरा होता ते पुढं दिसलं. पडलेला माणूस बरा झाला की वाडीवाले परत बोलावतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी एकमेकांत ठरवूनच टाकलं. दामूचा पाय घसरतो आता. पुन्हा पडला तर आपल्या वाडीत नको. तू दारोदार सांगत फिरलास की माझा पाय घसरला नव्हता. मग कसा पडलास, असं कुणी विचारलं की तू गप्प. खरं सांगावं तर चौकीवर बोलावणं, खोटं मानावं तर पोटावर पाय. शेवटी ते म्हणायचे, ‘खुद्द कंपाउंडरनं लिवलंय.’ ते खरं वाक्य तू एकदाच उच्चारलं होतंस, आणि त्यावर मी हात ठेवला होता. खरं कळलं असतं तर त्यांनी तुला जास्तच लांब ठेवलं असतं हे मलाही समजतं. पण तेव्हा निदान तू आणि मी एका बाजूला असतो.

मग तू दर बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यायला लागलास. कधी पोटात दुखतंय, कधी झोप लागत नाही, कधी छातीत जड वाटतंय. मी न बघताच बाटलीत तांबडं औषध भरायचो. तू ती हातात घेऊनही उठायचा नाहीस. सगळे पेशंट जाईपर्यंत बाकावर बसून राहायचास. मला दवाखाना झाडून घ्यायचा असायचा, पुड्या बांधायच्या असायच्या. ‘काय रे, आणखी काही?’ असं मी पाठमोराच विचारायचो. तू म्हणायचास, ‘न्हाय, काय न्हाय.’ एकदा मी थट्टेत म्हटलं, ‘दाम्या, औषधात अर्क असतो म्हणून येतोस वाटतं? दारूबंदीत माडी नाही तर ही सही?’ बाकावरचे दोघे-तिघे खो खो हसले. तूही हसलास. तू माडी पीत नाहीस हे त्या खोलीत मला एकट्याला पक्कं ठाऊक होतं. ह्या थट्टेची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या वहीतल्या वाक्याचीही वाटत नाही. ते वाक्य निदान घाबरून लिहिलं होतं.

गेल्या वर्षी नवे डॉक्टर आले. तरुण, चष्मेवाले, इथं यायच्या आधी वेड्यांच्या इस्पितळात दोन वर्षं काढलेले. ही बातमी त्यांच्या ट्रंकेआधी गावात पोचली. ह्या माणसाची विचारण्याची तऱ्हा वेगळी. पोट दुखतं म्हणून कुणी आलं आणि पोटात काही सापडलं नाही की ते खुर्ची जवळ ओढायचे. झोप येते का, घास गोड लागतो का, कशात मन रमतं का. आणि मग भाजीचा भाव विचारावा तशा साध्या आवाजात विचारायचे, ‘जगणं नकोसं वाटतं का? जीव द्यावासा वाटतो का?’ 

पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी पेशंट गेल्यावर मी म्हटलं, ‘डॉक्टरसाहेब, असं विचारू नये. नसेल मनात तर यायचं.’

ते म्हणाले, ‘कंपाउंडर, ताप आहे का असं विचारल्यानं कुणाला ताप चढलेला बघितलात?’

‘तापाची गोष्ट वेगळी.’

‘वेगळी नाही. त्यानं हो म्हटलं तर आपण काय करायचं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून तुम्ही विचारत नाही. करायचं फार काही नसतं. बसायचं, ऐकून घ्यायचं, त्याला एकटं सोडायचं नाही, उद्या परत बोलवायचं. आणि आला नाही तर आपण जायचं.’

मला राग आला, कारण वर्मी लागलं. तरी माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तुझं नाव तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, दामू, खरंच आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे वहीतलं खोटं वाक्य उघडं पडणार, माझी नोकरी, जुन्या डॉक्टरांची सही, सगळं. मी मूग गिळून बसलो. वर तू दोनदा विचारलंस की नवे डॉक्टर कसे आहेत, तर मी तुला सांगितलं, ‘त्यांच्याकडे नको जाऊस. वेड्यांचा डॉक्टर आहे. नसतं नाव पडेल गावात.’ किती काळजी बघ मला तुझ्या नावाची! एकदा घसरला म्हणून नाव पाडून झालंच होतं, आता दुसरं नको.

आता थोडं तुलाही सुनावतो. रागावू नकोस, किंवा रागाव, काय फरक पडतो. इतके बाजार येऊन बसलास, एकदा ती बाटली माझ्या अंगावर फेकून का मारली नाहीस? माझी मानगूट धरून का नाही म्हणालास, की यशा, इकडे तोंड कर आणि ऐक? मला माडावरून उतरवताना तोंडाचा पट्टा सुरू होता तुझा, स्वतःच्या वेळी कुठं गेला? रोज संध्याकाळी मी अंगणात उभा राहून तुझ्या दाराकडे बघतो आणि तुला शिव्या देतो. आणि शिव्या संपल्या की आठवतं, तू सांगितलं होतंस. अगदी स्पष्ट, तीन शब्दांत सांगितलं होतंस. माणसानं किती वेळा सांगावं?

तुला ज्यांनी शेवटी पाहिलं ते कसं आणि कुठं ते चवीनं सांगत फिरतायत. मी ते इथं लिहिणार नाही. ह्या वेळी कुणी वेळेवर पोचलं नाही, एवढंच. पोलीस पाटील दवाखान्यात आला, खाकरला आणि म्हणाला, ‘कंपाउंडर, मागल्यासारखंच लिवा. बाईमानसाचं घर हाय, कशाला लफडं.’ तुझा मेहुणा मुरूडहून आला होता, तो हात जोडून उभा. मी नाही म्हटलं. माझ्या तोंडून एवढंच आलं, ‘दामूचा पाय घसरत नाही.’ डॉक्टरांनी जे होतं ते लिहिलं, आणि दोन वर्षांपूर्वीचं खोटं माझं होतं, तेही मी त्यांना सांगून टाकलं.  मेहुणा भर रस्त्यात माझ्यावर ओरडला, ‘मेलेल्या मानसाची बदनामी करता? मैतर म्हनवता?’ वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

तेव्हापासून मला दुसरी भीती लागून राहिलीय. तू सोडून गेलेल्या घरात उरलंय कोण? तुम्हाला मूलबाळ नाही. वहिनींनी झापं विणणं सोडलंय, ओल्या झावळ्या अंगणात तशाच सुकून गेल्या. त्यांची धाकटी बहीण सोबतीला येऊन राहिलीय, ती म्हणते ताटावर बसतात आणि तशाच उठतात. डॉक्टर मला म्हणाले होते, ज्या घरात असं होतं त्या घरातल्या माणसांकडे आधी लक्ष द्या. बोलायला सोपं आहे. आपली घरं समोरासमोर, मध्ये सात पायऱ्यांची पाखाडी. ह्या चार दिवसांत मी तीनदा त्या पायऱ्या उतरलो आणि तीनदा परत आलो. काय तोंडानं जायचं? विचारायचं धैर्य तुझ्या वेळी झालं नाही, आता तुझ्या बायकोला विचारायचं?

आज सकाळी वहिनी आपणहून दवाखान्यात आल्या. बहिणीला बाहेर बसवलं आणि एकट्या आत आल्या. बाहेर दहा-बारा माणसं होती. डॉक्टर आतल्या खोलीत एका बाळंतिणीला बघत होते. वहिनी खिडकीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘भावजी, पोटात दुखतं. त्ये तांबडं औषध द्या वाईच.’

मी बाटली उचलली. सवयच आहे हाताला. बूच काढलं, आणि मग खाली ठेवली. खिडकीमागून बाहेर आलो, त्यांना बाकावर बसवलं, मी शेजारी बसलो.  डॉक्टरांसारखा साधा आवाज मला जमला नाही, चिरकाच आला. ‘वहिनी, झोप लागते का?’ नाही म्हणाल्या. ‘जेवण जातं?’ नाही. मग मी विचारलं, ‘जगणं नकोसं झालंय का? जिवाचं काही करावं असं मनात येतं का?’

बाकावरची एक म्हातारी ‘आगं बाय’ म्हणाली आणि तोंडाला पदर लावून लांब सरकली. वहिनींनी मान वर केली. किती तरी दिवसांनी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

‘ह्ये त्यांना का न्हाय इचारलंत?’

बाटलीचं बूच अजून माझ्या मुठीतच होतं. 

‘बाजाराच्या दिशी धुवट सदरा घालायचे,’ त्या म्हणाल्या. ‘मी म्हनायची, दवाखान्यात चाललाव का लग्नाला? तर म्हनायचे, आज यशाला सांगतो. आज सांगतोच. मी वाट बघत बसायची. यायचे त्ये हातात बाटली घेऊन. मी म्हनायची, सांगितलंत का? म्हनायचे, त्यो कामात व्हता.’

दामू, मी कामात नव्हतो. मी पुड्या बांधत होतो.

बाहेरून कुणी तरी हाक मारत होतं, ‘कंपाउंडर, ओ कंपाउंडर, आमचं औषध.’ मी म्हटलं, थांबा. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा ओरडून म्हटलं, थांबा! नोकरीत पहिल्यांदाच पेशंटवर ओरडलो असेन. वहिनींच्या डोळ्यांतून तेव्हा कुठं पाणी आलं. पदरानं पुसत, जमिनीकडे बघत त्या म्हणाल्या, ‘व्हय. येतं मनात. रोज येतं.’

आभाळ कोसळलं नाही. विचारल्यानं काही वाढलं नाही, उलट त्यांच्या खांद्यांवरचं काही तरी खाली आल्यासारखं वाटलं. त्या बोलत राहिल्या. तुझ्यावर किती राग आलाय ते बोलल्या, माझ्यावर किती ते बोलल्या. आपणच त्या दिवशी शेजारी हळद दळायला गेलो नसतो तर, हे दहादा बोलल्या. मी खोडून काढलं नाही, समजूत घालायला गेलो नाही, नुसता ऐकत बसलो. डॉक्टर बाहेर आले, बघितलं, आणि स्वतःच खिडकीमागे जाऊन लोकांना औषधं द्यायला लागले. पुष्कळ वेळानं त्यांनी वहिनींना आत नेलं, बहिणीला बोलावलं, दोघींशी नीट बोलले. वहिनींना एकटं ठेवायचं नाही, हे बहिणीला दोनदा बजावलं.

निघताना मी फाटकापर्यंत गेलो. म्हटलं, ‘उद्या या, वहिनी. काही दुखत नसलं तरी या.’

‘बघते,’ त्या म्हणाल्या.

‘बघते’ मला चालणार नाही. उद्या दवाखाना उघडायच्या आधी मी त्या सात पायऱ्या उतरणार आहे आणि तुझ्या दारात उभं राहून वहिनींना हाक मारणार आहे.